गावाला माहीत, पण कागदावर नाही : आरोपीच्या मानसिक तपासणीबद्दल मदत हवी

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. घरातली गोष्ट आहे, म्हणून लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण पुढच्या महिन्यात कोर्टात पेशी लागली आहे आणि इथे कायदा आणि दवाखाना दोन्हीकडची माणसं आहेत, म्हणून लिहितो.

माझा मावसभाऊ, वय २९. गाव वर्धा नदीच्या काठचं, चार-पाचशे उंबऱ्यांचं. २०२४ च्या दिवाळीनंतर कापसाची पहिली वेचणी सुरू होती. पहाटे त्याने सख्ख्या काकाच्या डोक्यात बंडीची उभारी, म्हणजे बैलगाडीचा उभा दांडा, घातली. काका जागीच गेले. तो मात्र ओट्यावर बसून राहिला. पळाला नाही, उभारी लपवली नाही, हातावरचं रक्त धुतलं नाही. काकू ओरडत बाहेर आली तर तिला म्हणाला, "आता पेजा पानी बिनघोर. हीर साफ झाली."

विहिरीचं हे प्रकरण सहा वर्षांपासूनचं. हिंगण्याच्या एमआयडीसीतलं काम सोडून तो गावी परतला तेव्हापासून त्याला वाटायचं की काका विहिरीत औषध टाकतो. घरचं पाणी प्यायचा नाही, कालव्यावरून डबे भरून आणायचा. तुरीत उभा राहून कोणाशी तरी भांडायचा. मावशीने दर्गा केला, महाराज केले, गळ्यात ताईत बांधला. मध्ये एकदा मी स्वतः त्याला जिल्ह्याच्या गावी मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि पाच महिने पोरगा माणसात आला. वखरणीला गेला, लग्नात पंगत वाढली. मग पेरणी तोंडावर आली, बियाण्याला पैसे लागले आणि गोळ्या थांबल्या. बरा झाला असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण पोलिसांच्या कागदांत काय आलं? "धुऱ्याच्या जुन्या वादातून." धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद झाला होता, खरं आहे. नऊ वर्षांपूर्वी. तलाठ्यासमोर मिटलाही होता. शेजाऱ्यांच्या बयानात त्याच्या आजाराचा एक शब्द नाही. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी झाली, त्यात अंगावर जखमा नाहीत एवढंच. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, काही तक्रार आहे का? तो नाही म्हणाला. पुढे अकरा महिने जेलमध्ये.

सत्र न्यायालयात दोषारोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का असं विचारलं, तेव्हा तो परत तेच बोलला, हीर साफ झाली. न्यायाधीश थांबले. त्यांनी दोन-तीन साधे प्रश्न विचारले आणि तपासणीचा आदेश दिला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. मनोरुग्णालयात ठेवलं, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, सध्या बचाव करू शकत नाही असा अहवाल आला आणि खटला तहकूब झाला. उपचार मिळाले. आता नवा अहवाल सांगतो की तो खटल्याला उभा राहू शकतो.

माझी अडचण इथे आहे. हे दोन्ही अहवाल तपासणीच्या दिवशी तो कसा होता ते सांगतात. खटल्यात प्रश्न येणार त्या पहाटेचा. आज तो कोर्टात शांत उभा राहील, नाव-गाव नीट सांगेल. मग त्या पहाटे तो कसा होता हे आम्ही कशावरून दाखवायचं? मावशीला वाचता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घरात सापडत नाही.

काळी माती

पऱ्हाटी, मी फौजदारी वकिली करतो. तुम्ही नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं आहे. निम्मे वकील इथेच गल्लत करतात.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, आरोपीला आज खटला समजतो का, वकिलाला माहिती देता येते का? याची प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासून पुढे आहे. मॅजिस्ट्रेटसमोर शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सक तपासतात आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. त्यांचा निष्कर्ष मान्य नसेल तर मेडिकल बोर्डाकडे दाद मागता येते. सत्र न्यायालयात कलम ३६८. तुमच्या भावाचा हा टप्पा झाला. याने खटला थांबतो, सुटका होत नाही.

दुसरा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ८४ चा. कृत्य करताना, त्या घटकेला, मनोविकलतेमुळे त्याला आपण काय करतो आहोत हे कळत नव्हतं का? किंवा हे चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नव्हतं का? इथे निदान पुरेसं नसतं. स्किझोफ्रेनिया असलेला प्रत्येक जण कायद्याच्या अर्थाने मनोविकल ठरत नाही. वैद्यकीय वेड आणि कायद्यातलं वेड यातला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितला आहे. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाइतका जड नाही. संभव आपल्या बाजूला जास्त झुकतो एवढं दाखवावं लागतं. शिवाय १९६४ च्या दह्याभाई ठक्कर निकालाप्रमाणे, पुराव्यातून आरोपीच्या हेतूबद्दलच वाजवी शंका उभी राहिली तरी त्याचा फायदा आरोपीला मिळतो.

त्या घटकेला डॉक्टर हजर नसतोच. म्हणून न्यायालय घटनेच्या आधीचं, वेळचं आणि नंतरचं वागणं एकत्र पाहतं. २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वकिलांना जरूर दाखवा. महाराष्ट्रातलाच पोलीस शिपाई, १९९४ साली बायकोच्या डोक्यात दगड घालून खून. खाली जन्मठेप, वर निर्दोष. तिथे काय काय धरलं गेलं? वडिलांनाही मानसिक आजार होता. घटनेच्या आधीपासून उपचार चालू होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला २५ वेळा दवाखान्यात न्यावं लागलं. हेतू किरकोळ होता. दिवसाढवळ्या केलं आणि पळायचा, लपायचा प्रयत्न नाही. यातलं बरंच तुमच्या गोष्टीत आहे. फक्त ते कागदावर किंवा साक्षीत यायला हवं.

वकील कोण आहेत? नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा, पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन १५१००.

दिगूभाऊ

पऱ्हाटी भाऊ, वाचून मन कसंतरीच झालं. आमच्या गावात बी असाच पोट्टा हाय. लोक त्याले बयताड म्हनतात, लेकरं गोटे मारतात. त्याची माय त्याले खांबाले बांधून वावरात जाते, नाई जाईन तर खाईन काय? उद्या त्यानं कोनाले मारलं तर आमीच सांगू, आमाले आधीच माईत होतं. मग आधी काऊन काई केलं नाई?

लेक

मला वेगळं बोलायचं आहे. कोणाला दुखवायचं नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वडिलांना गावातल्याच एका माणसाने विळ्याने मारलं. त्यालाही वेडसर म्हणायचे. पण तो रोज दारू प्यायचा, उधारी बरोबर लक्षात ठेवायचा, वडिलांशी पैशावरून भांडलाही होता. खटला सुरू झाला आणि अचानक त्याच्या घरच्यांना त्याचं वेड आठवलं. तीन वर्षं आम्ही कोर्टात ऐकत होतो की त्याला कळत नव्हतं. माझी आई प्रत्येक पेशीला बसायची. तिला कोणी एकदाही विचारलं नाही, बाई, तुझं मन कसं आहे?

म्हणून तपासणी हा शब्द आला की मला आधी भीती वाटते. निर्दोष सुटला की तो दुसऱ्या दिवशी चौकात उभा. आम्ही कुठे जायचं?

काळी माती

लेक, तुमची भीती रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. स्वतःहून प्यायलेल्या दारूचा बचाव या कलमात बसत नाही. नकळत किंवा जबरदस्तीने पाजलेल्या दारूचं कलम वेगळं आहे. जुनं भांडण, ठरवून केलेली वेळ, हत्यार लपवणं, पळून जाणं, यातलं काही असेल तर न्यायालय वेडाचा दावा सहसा मानत नाही. हा बचाव बहुतेक वेळा फेटाळलाच जातो.

आणि सुटणं म्हणाल तर या कारणाने निर्दोष ठरलेला माणूस सरळ घरी येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७३ प्रमाणे, कृत्य याच माणसाने केलं की नाही हे न्यायालयाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे तुमच्या वडिलांना कोणी मारलं हे पुसलं जात नाही. मग कलम ३७४ : सुरक्षित जागी ठेवायचं, किंवा नातेवाइकाने काळजीची आणि कोणाला इजा होणार नाही याची हमी दिली तरच त्याच्या ताब्यात द्यायचं.

रात्रपाळी

मी मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून २२ वर्षं काढली. न्यायालयाकडून निरीक्षणासाठी आलेले बरेच रुग्ण पाहिले. सर्टिफिकेट मिळवणं सोपं असतं असं लोकांना वाटतं, म्हणून आत काय चालतं ते सांगते.

रुग्ण पोलीस पहाऱ्यात येतो. डॉक्टर एकदा बोलून मत देत नाहीत, पुन्हा पुन्हा मुलाखत घेतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, समाजसेवा अधीक्षक घरच्यांना बोलावून लहानपणापासूनची हकीकत लिहून घेतात. आणि आम्ही प्रत्येक पाळीला लिहितो : किती झोपला, काय जेवला, अंघोळ सांगून केली की आपणहून, कोणाशी बोलला, एकटाच बोलला का, काही ऐकू आल्यासारखा मान वळवत होता का.

सोंग करणारा राउंडच्या वेळी जोरात सोंग करतो. भिंतीशी बोलतो, ताट फेकतो. रात्री अडीचला शेजारच्या खाटेवरच्याकडे हळूच तंबाखू मागतो. सगळं वेड एकाच दिवशी दाखवायची त्याला घाई असते. खरा आजारी बहुतेक उलटा वागतो. तो म्हणतो, मला काही झालं नाही, मला घरी सोडा. आवाज येतात का विचारलं तर नाही म्हणतो, कारण आवाजांनीच त्याला सांगू नको म्हणून बजावलेलं असतं. एक बाबाजी तीन आठवडे पाण्याचा पेला प्रत्येक वेळी खिडकीजवळ नेऊन उजेडात धरायचे, वास घ्यायचे, मग खाली ठेवायचे. कोणी पाहत असो की नसो. डॉक्टरांना मात्र म्हणायचे, पाणी छान आहे. तो पेला रोज आमच्या वहीत येत होता.

पऱ्हाटी, तुमच्या भावाने जेलमध्ये पाणी कसं प्यायलं, हे कोणी लिहिलं आहे का ते शोधा. जेलच्या डॉक्टरांचे कागद मागवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ प्रमाणे आजारी कैद्याची तिथून उपचाराच्या ठिकाणी रवानगी व्हायला हवी. जेलमध्ये असा कैदी नाही, हे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला लिहून द्यावं लागतं.

आणखी एक. उपचार झाल्यावर रुग्ण शांत होतो आणि मग लोक म्हणतात, हा तर चांगला दिसतो. गोळ्यांनी चांगला दिसतो! साक्षीला आलेल्या डॉक्टरांना हेच विचारा : गोळ्यांनी इतका फरक पडला याचा अर्थ काय, आणि गोळ्या बंद पडून पाच-सहा महिने झाले तर या आजारात काय होतं?

पानगळ

आसामचा माचांग लालुंग आठवला. १९५१ मध्ये तेविशीत पकडला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं. सुटला २००५ मध्ये, ७७ वर्षांचा होऊन. ५४ वर्षं आणि खटला कधी चाललाच नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हजारीबाग जेलमधले असेच कैदी आले होते. तपासणीचा आदेश झाला की घरच्यांना वाटतं सुटलो. खरं तर तेव्हापासून जास्त पाठपुरावा करावा लागतो, नाहीतर फाइल दवाखाना आणि कोर्ट यांच्या मध्ये कुठेतरी पडून राहते.

खाकी_निवृत्त

३४ वर्षं पोलीस खात्यात होतो, शेवटची काही वर्षं तपासावर. पऱ्हाटी यांनी धुऱ्याच्या वादाबद्दल लिहिलं ते मला लागलं, कारण मीही असं लिहिलेलं आहे.

खुनाच्या गुन्ह्यात ठाणेदार पहिला प्रश्न विचारतात, कारण काय? कारण नसलेला खून दोषारोपपत्रात लुळा दिसतो. मग गावात विचारायचं, कधी काही वाद होता का? विदर्भात धुऱ्याचा वाद कोणत्या दोन भावांत नसतो? तो मिळाला की आपला शोध थांबतो. शेजारी म्हणत असतो, साहेब, त्याचं डोकंच ठिकाणावर नाही, आणि आपण म्हणतो, तू काय पाहिलंस तेवढं सांग. असं माझ्या हातून एकदा घडलं. तो माणूस लॉकअपमध्ये रात्रभर भिंतीतल्या कोणाला तरी हिशोब समजावून सांगत होता. मी पाहिलं. स्टेशन डायरीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी रिमांडला मॅजिस्ट्रेटना दाखवता आलं असतं. आज मला त्याचं वाईट वाटतं आणि ते जात नाही.

म्हणून माझं सांगणं, पहिल्या चोवीस तासांचं सगळं शोधा. पंचनाम्यात तो कुठे बसलेला होता ते आलं असेल. पहिली खबर पोलीस पाटलाने दिली असेल तर फोनवर काय सांगितलं, हे तो साक्षीत सांगू शकतो. अटकेच्या वेळचे कपडे, त्यांवरचे वाळलेले डाग, हेही बोलतात. आणि उभारी कुठे सापडली? ओट्यावरच, त्याच्या पायाशी?

पऱ्हाटी

हो, पायाशीच. पंचनाम्यात आहे. आज वकीलबाईंकडून नक्कल घेऊन पहिल्यांदा नीट वाचली. "आरोपी घटनास्थळी ओट्यावर बसलेल्या स्थितीत मिळून आला." त्यांनीही या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती.

लेक ताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. आमच्याकडे मेलेला माणूस आणि मारणारा एकाच चुलीवर जेवलेले आहेत. मी लहान असताना काकांनी मला बंडी हाकायला शिकवलं. त्यांच्यासाठी रडायला मला अजून जागा मिळालेली नाही, कारण मी पोराच्या बाजूने धावतो आहे. तुमच्या आईबद्दल तुम्ही लिहिलंत, तेच आमच्या काकूचं आहे.

एक विचारायचं आहे. विहिरीचं ते वाक्य फक्त काकूने ऐकलं. तिच्या पोलीस बयानात ते नाही. तिच्याशी बोलू का?

काळी माती

अजिबात नको. ती सरकार पक्षाची साक्षीदार आहे. तुम्ही साक्षीबद्दल एक शब्द बोललात तर तिच्यावर दबाव आणला असं होईल आणि तिच्या खऱ्या बोलण्याचीही किंमत जाईल. उलटतपासणीत वकील तिला विचारतील, तुम्ही बाहेर आलात तेव्हा तो काय म्हणाला? ती सांगेल ते सांगेल. तुम्ही कागदांच्या मागे लागा. त्या डॉक्टरांकडे जुनी नोंदवही असेल तर न्यायालयामार्फत समन्स काढून मागवता येते.

रात्रपाळी

गोळ्या कुठून घ्यायचे? औषधाचं दुकान विचारा. डॉक्टरची चिठ्ठी हरवते, उधारी हरवत नाही. आणि दिगूभाऊ, त्या पोराच्या आईला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात. खांबाला बांधलेल्या पोराला तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कसं न्यायचं ते सांगतील. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून गोळ्याही मोफत मिळतात, पेरणीच्या दिवसांतसुद्धा.

दिगूभाऊ

नंबर देल्ला तिले. मीच लावून देल्ला फोन, लय वेळ बोलली. सोमवारी मी गाडी घेऊन जाऊन रायलो संग.

पऱ्हाटी

रात्रपाळी ताई, तुमचे कसे आभार मानू?

काल तालुक्याला गेलो. एसटी स्टँडसमोरचं जुनं मेडिकल. मालकाला मावशीचं नाव सांगितलं तर म्हणाला, पोराच्या गोळ्यांवाली ना? वरच्या फळीवरून लाल कापडी बांधणीची वही काढली, धूळ झटकली आणि पानं उलटत गेला. सापडलं. मावशीचं नाव, गावाचं नाव, त्यापुढे रिस्पेरिडोन, एक महिन्याच्या गोळ्या, बाकी १४०. पुढच्या महिन्यात परत. असे पाच महिने, दर वेळी थोडे जमा, थोडे बाकी. पाचव्या नोंदीपुढे त्याच्याच अक्षरात, "पेरणीनंतर देते म्हणाली." तारीख मे महिन्याची. त्यानंतर मावशीचं नाव त्या वहीत नाही. काका नोव्हेंबरात गेले.

वहीत डॉक्टरांचंही नाव होतं, कारण चिठ्ठी पाहिल्याशिवाय तो ही गोळी देत नाही. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वहीला हात लावू नका, फोटो काढा, मालकाला समन्स काढू आणि मूळ वही त्यांनाच आणायला लावू. डॉक्टरांच्या नोंदवहीसाठीही अर्ज देत आहेत. मालक तयार आहे. त्या दिवशी दुकान बंद ठेवावं लागेल, त्याने गिऱ्हाइकांना आजपासूनच सांगायला सुरुवात केली.

येताना गावात थांबलो. काकू विहिरीवर पाणी ओढत होती. मी काही बोललो नाही, सांगितल्याप्रमाणे. तिने दोर थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग बादलीतून गडवा भरून पुढे केला. मी तिथेच उभा राहून पाणी प्यालो. तीही काही बोलली नाही.

पेशी २३ तारखेची आहे. पहिल्या एसटीने निघणार. तिथे काय झालं ते इथेच लिहीन.